फ्री कॉलनी

दहावीच्या वर्गाने जवळजवळ तीस वर्षांनी एकत्र यायचं ठरवलं, तेव्हा पत्ते जमवायचं काम माझ्याकडे आलं. ‘तू लिहिण्याचंच काम करतेस, मग यादी तूच कर,’ असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अनुवाद करणं म्हणजे दुसऱ्याचं लिहिलेलं चांगल्या अक्षरात उतरवून काढणं, अशी सोलापुरातल्या माझ्या वर्गमैत्रिणींची समजूत आहे आणि ती अगदीच चुकीची आहे असंही नाही. एकीने शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या पानांचे फोटो पाठवले. नवी पेठ, साखर पेठ, मोदी, सात रस्ता असे पत्ते मी एकामागून एक उतरवत गेले. बहुतेक मुली त्या घरांत आता नव्हत्या. लग्न करून पुण्याला, हैदराबादला, कलबुर्गीला गेल्या होत्या. एका नावापुढे पत्ता होता, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’.

तिचा फोन नंबर कुणाकडेच नव्हता. ‘राहू दे गं, ती काही येणार नाही,’ एक म्हणाली. दुसरीने विचारलं, ‘ती सेटलमेंटची ना?’ एवढ्या वर्षांत आमच्यापैकी बहुतेकींची आडनावं बदलली होती. तिची ओळख मात्र तिथेच राहिली होती.

ज्यांनी सोलापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हे गिरण्यांचं गाव. पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि ती पहिली सगळ्यांच्या तोंडी ‘जुनी गिरणी’ झाली. तेलंगणातून विणकर आले. कानडी मुलूख तर हाकेच्या अंतरावर होताच. माझ्या वर्गात मराठी पुस्तक उघडून बसणाऱ्या मुलींपैकी कित्येकींच्या घरी तेलुगू बोलत, काहींच्या घरी कानडी, काहींच्या घरी दखनी. मधल्या सुट्टीत भांडण एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसऱ्या भाषेत मिटायचं. पुढे तौलनिक साहित्यात एम. ए. करताना बहुभाषिकतेवर व्याख्यानं ऐकली, तेव्हा मला शाळेचा नळ आठवायचा. त्या नळापाशी रांगेत उभं राहायचं तर तीन भाषांत ‘सरक’ म्हणता यावं लागे.

माझ्या बाकावर बसणाऱ्या या मुलीची घरची भाषा मात्र यांपैकी कुठलीच नव्हती. ती कैकाडी. वेताच्या नि काडीच्या टोपल्या विणणारा हा समाज. त्यांची बोली द्राविडी आहे, तमिळला जवळची, हे मला फार नंतर कळलं. शाळेत असताना ती घरून आलेल्या धाकट्या भावाशी शाळेच्या फाटकात हळू आवाजात बोलायची आणि आम्ही जवळ गेलो की लगेच मराठीत यायची. ती भाषा आम्हाला शिकव, असं आमच्यापैकी एकीनेही कधी म्हटलं नाही. तेलुगूतल्या शिव्या मात्र आम्ही हौसेने शिकलो होतो.

‘सेटलमेंट’ हा शब्द आम्हाला इंग्रजी वाटतच नसे. तो आमच्यासाठी गावाचा एक भाग होता आणि एक भीतीही. तिकडे एकटं जायचं नाही. सायकल कुलूप न लावता ठेवली तर मोठी माणसं म्हणत, ‘सेटलमेंटला जाईल.’ पुढचा ‘फ्री’ हा शब्द तर आम्ही आमच्या परीने समजून घेतला होता. फ्री म्हणजे फुकट. सरकारने यांना घरं फुकट दिली, म्हणून फ्री कॉलनी. वर्गात तिला ‘फुकटी’ म्हणत. मीही म्हटलेलं आहे. माझ्या आयुष्यातला तो पहिला अनुवाद असावा आणि तो चुकलेला होता.

तो चुकलेला आहे हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली. एका अभ्यासकासाठी मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतींबद्दलचे जुने इंग्रजी कागद मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात सोलापूर आलं आणि त्यामागोमाग ‘फ्री कॉलनी’ हे दोन शब्द आले. मी भाषांतर करता करता थांबले. माझ्या मैत्रिणीचा पत्ता सरकारी अहवालात छापलेला होता.

गोष्ट १८७१ पासून सुरू होते. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली आणि १९२४ साली सगळ्या तरतुदी एकत्र करून नवा कायदा झाला. त्यामागची कल्पना अशी होती की काही जमातींत गुन्हा हा धंदा म्हणून बापाकडून मुलाकडे जातो. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. जातीच्या चौकटीतून हिंदुस्थान वाचायला शिकलेल्या साहेबाला हा तर्क सोपा वाटला आणि गावोगावच्या आपल्या प्रतिष्ठितांनाही तो पटायला जड गेला नाही. एकदा सरकारी अधिसूचनेत जमातीचं नाव आलं की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काहीही केलेलं नसलं तरी त्याची नोंद होणार, बोटांचे ठसे घेतले जाणार, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागणार, परवान्यावाचून बाहेर जाता येणार नाही. या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय कायद्यानेच बंद केली होती.

खरं तर यातल्या कित्येक जमाती फिरून पोट भरणाऱ्या. बैलांवर मीठ-धान्य वाहून नेणारे, टोपल्या विणणारे, जनावरांचा व्यापार करणारे. रेल्वे आली, मालवाहतूक तिच्याकडे गेली. जंगल कायदे आले आणि काडी तोडणंही गुन्हा झालं. धंदा गेला, फिरणं उरलं. मग त्या फिरण्यावरच संशय आला.

वसाहती याच कायद्याखाली उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. भोवती काटेरी तारेचं कुंपण, फाटक, पहारा, हजेरी. आतल्या माणसांची सोय गिरण्यांत लावलेली असे. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या माणसांना एका जागी बसवायचं होतं. दोघांचं गणित एकमेकांत चांगलं बसलं. सुधारणा, शिस्त, उद्योग असे शब्द त्या कागदांत वारंवार येतात. ते लिहिणारे सगळेच दुष्ट होते असं नाही. या वसाहतींचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट पुढे दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा सदस्य होते आणि १९३० साली आलेला तिचा अहवाल आजही महत्त्वाचा मानला जातो. चांगल्या हेतूची माणसंही तारेचं फाटक सांभाळू शकतात, हे त्या कागदांतून शिकायला मिळतं.

आणि ‘फ्री कॉलनी’? ज्यांची वागणूक काही वर्षं समाधानकारक ठरली, त्यांना तारेच्या बाहेर, पण वसाहतीच्या शेजारीच राहायची मुभा मिळे. ती बाहेरची वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. तिथला ‘फ्री’ तारेशी नातं सांगणारा होता, पैशाशी नाही. ज्याला आम्ही फुकट समजलो, त्याची किंमत वर्षांत मोजलेली होती.

मला अस्वस्थ केलं ते तारखांनी. सोलापूरच्या प्रत्येक मुलाला १९३० तोंडपाठ असतं. गांधीजींना अटक झाली आणि मे महिन्यात शहर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल नावापुरताही उरला नाही. मग १२ मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. त्या चौघांचे पुतळे चौकात आहेत, पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाडीला ‘हुतात्मा एक्सप्रेस’ हे नाव आहे. चार नावं वाचली तरी चार समाज एका फाशीच्या दोरीशी कसे आले ते समजतं. हा अभिमान खोटा नाही. पण परवान्यावाचून बाहेर पडायचं नाही, ठरल्या वेळी घरात असायचं, शिपाई विचारेल तेव्हा हजर व्हायचं, हे शहराने सुमारे सात आठवडे सोसलं. त्याच शहरात, त्याच वर्षी, तारेच्या आतली माणसं हे कित्येक वर्षं आधीपासून सोसत होती आणि पुढेही सोसणार होती. शाळेत दर वर्षी आम्ही हुतात्म्यांवर भाषणं केली. माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवणाऱ्या मुलीची आजी तारेच्या आत वाढलेली होती, हे त्या भाषणांत कुठेच नव्हतं.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून गेला, म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. सोलापुरात आणखी एक योग जुळून आला. १९४९ च्याच ऑगस्टमध्ये जुनी गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ते निकाल मालमत्तेच्या मूलभूत हक्काबद्दलच्या अगदी सुरुवातीच्या निकालांत गणले जातात. कायद्याचे विद्यार्थी आजही ‘शोलापूर स्पिनिंग’ हे नाव घोकतात. भागधारकाच्या हक्काचं काय झालं ते पानांच्या पानं छापलेलं मिळतं. तारेच्या आत गेलेल्या वर्षांचा हक्क मागायला कुठलं दार होतं? शिवाय १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आलाच. जमातीवरचा शिक्का कागदावरून उतरला, पोलिसांच्या डोळ्यांवरून नाही.

इंग्रजीत या समाजांना ‘डीनोटिफाइड’ म्हणतात. अधिसूचना मागे घेतलेले. कारकुनाने रेघ मारली, एवढाच त्याचा अर्थ. मराठीने आणि हिंदीने ‘विमुक्त’ हा शब्द घेतला आणि त्यात माणूस सुटल्याची भावना आणली. मूळ शब्दापेक्षा भाषांतर मोठ्या मनाचं निघालं. पण मोठ्या मनाच्या शब्दाचा एक तोटा असतो. काम झालंच, असं तो ऐकणाऱ्याला वाटायला लावतो. उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’चा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने ‘द ब्रॅन्डेड’ या नावाने काढला. उचल्या म्हणजे उचलणारा, ब्रॅन्डेड म्हणजे ज्याच्यावर डाग दिला गेला तो. भाषा बदलताना कर्ता बदलला. हे चूक की बरोबर, यावर मी विद्यार्थ्यांशी तासभर बोलू शकते. माझ्या बाकावरच्या मुलीशी मात्र मला पाच मिनिटंही बोलता आलं नव्हतं.

त्याचं कारण आता सांगते.

आम्ही आठवीत होतो. मी वर्गाची मॉनिटर. सहलीचे पैसे माझ्याकडे जमा होत. एके दिवशी पाकीट सापडेना. बाईंनी वर्गाचं दार लावलं आणि एकच दप्तर तपासलं. दप्तर पालथं केलं, डबा उघडला, भाकरी उचलून खाली पाहिलं. ती उभी होती. तिने काहीही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी भूगोलाचा नकाशासंग्रह उघडला आणि पाकीट त्यातून खाली पडलं. मीच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन ते बाईंना दिलं. ‘बरं झालं मिळालं,’ त्या म्हणाल्या. वर्गात कुणी काही सांगितलं नाही. बाईंनी नाही, मीही नाही. पाकीट परत आलं एवढंच वर्गाला कळलं आणि ते कुठून आलं असेल याचा अंदाज वर्गाने आपल्या सोयीने केला. नववीत तिने बाक बदलला.

माझ्याजवळ तिचा शोध घ्यायला एकच धागा होता. एका मैत्रिणीने तिला अक्कलकोटच्या एसटीत पाहिलं होतं, कंडक्टर म्हणून. मी हुतात्मा एक्सप्रेसने रात्री सोलापूरला उतरले आणि सकाळी स्टँडवर गेले. खाकी साडी, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. ती मला माझ्याआधी ओळखून मोकळी झाली.

‘अगं, तू! कुठं असतीस? काय करूलालीस?’

गाडीला वीस मिनिटं होती. कँटीनच्या बाकावर आम्ही चहा घेतला. मी पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. पाकीट, नकाशासंग्रह, बाई. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला माहिती होतं.’

‘कसं?’

‘दुसऱ्या दिवशी तू मला अख्खा पेरू दिलास. एरवी अर्धासुद्धा देत नव्हतीस.’

मी हसले, ती हसली नाही. ‘हरवलं त्याचा राग नव्हता,’ ती म्हणाली. ‘बाईंचाही नव्हता. त्यांना तसंच शिकवलेलं. पण तुला खरं माहिती होतं. तू उभं राहून सांगशील, म्हणून मी दोन-चार दिवस वाट बघितली.’ मग पिशवीवर हात ठेवून म्हणाली, ‘एकोणीस वर्षं झाली, रोज हा गल्ला माझ्या हातात. एक रुपया कमी भरला नाही. तरी चेकर गाडीत चढला की पोटात गोळा येतो. तुला येतो का गं तसा, कुणी पिशवी तपासली की?’

मला येत नाही. विमानतळावर माझी पिशवी दहादा उघडली तरी मला कंटाळा येतो, भीती वाटत नाही. इतिहासाची एवढी पानं भाषांतरित केली, पण हा कायदा कुठे शिल्लक आहे ते मला त्या बाकावर समजलं.

तिने आजीबद्दल सांगितलं. आजी गिरणीत जायची. भोंगा झाला की गिरणीत, सुटली की फाटकापाशी हजेरी. म्हातारपणीही संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती दारात येऊन उभी राहायची, कुणी नाव पुकारेल म्हणून. मी तिला म्हटलं की आम्ही ‘फ्री’चा अर्थ फुकट असा घेतला होता. ‘मग आता काय अर्थ काढलास?’ तिने विचारलं. मी मुक्त म्हटलं, विमुक्त म्हटलं. तिने मान हलवली. ‘आजी नुसतं तारेच्या बाहेर म्हणायची. आम्ही तारेच्या बाहेर राहतो, असं. मुक्त वगैरे कागदावर.’

मी तिला आंध्रातल्या स्टुअर्टपुरमबद्दल सांगितलं. साल्वेशन आर्मीने वसवलेली तशीच वसाहत, तिथे येरुकुला लोक, आणि भाषाभ्यासक कैकाडी आणि येरुकुला या बोली एकमेकींच्या सख्ख्या मानतात. अहमदाबादच्या छारानगरबद्दल सांगितलं, हुबळी-गदगबद्दल सांगितलं. तिला त्यातलं एकच आवडलं. ‘म्हणजे आमची भाषा तिकडे कळेल?’ मग तिने मला उलट एक गोष्ट ऐकवली. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात आणि सोलापुरात विमुक्त जातीत. ‘एकच जात, जिल्हा बदलला की दाखला बदलतो. भाषांतर म्हणतात ते हेच का?’

नाव लिहू का, असं विचारलं तर नको म्हणाली. ‘आमची नावं सरकारी वहीत खूप वेळा लिहून झालीत. तू राहू दे.’ म्हणून या लेखात तिचं नाव नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती उठली, बेल ओढली, आणि अक्कलकोटची गाडी गेली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिची ड्युटी होती. ती खरंच होती की तिने मागून घेतली, ते मी विचारलं नाही. हॉलवर आमच्यातल्या चाळीसेक जणी आल्या होत्या. शेंगाची चटणी, कडक भाकरी, हसणं, जुने फोटो. बाई आता नाहीत, त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहिलो. मग प्रत्येकीने एक आठवण सांगायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी आठवीचं पाकीट सांगितलं, ते कुणाकडे होतं ते सांगितलं, आणि ‘फ्री’चा अर्थ सांगितला.

कुणी काही बोललं नाही. एक म्हणाली, ‘आजच्या दिवशी कशाला गं हे?’ दुसरीने विषय बदलायला गाणं लावलं. जेवताना मात्र एक जण ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ तिने भाकरीचे तुकडे केले. मग खाली पाहतच म्हणाली, ‘मला वाटायचं, तिनेच परत ठेवलं असेल. मी घरी तसंच सांगितलं होतं. माझ्या मुलीलाही कधीतरी सांगितलं असेल.’

रात्री मी पत्त्यांची यादी पुरी केली. तिच्या नावापुढचा जुना पत्ता मी खोडला नाही, कारण ती अजून तिथेच राहते. यादी सगळ्यांना पाठवली, तिलाही. तिचं उत्तर सकाळी, पहिल्या गाडीच्या आधी आलं. तिने एवढंच लिहिलं होतं की पिन कोडचा एक आकडा चुकला आहे, तो दुरुस्त कर.